पशुवैद्यकाचा हात

मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ते बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात. आजारी जनावराच्या सान्निध्यातच हे शास्त्र शिकावयाचे असते, हा विचार त्या जागेतच होता. आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे हे शिक्षण दिले जाते.

२०१६ च्या विनियमांनुसार पदवीचा कालावधी साडेपाच वर्षांचा आहे. साडेचार वर्षे अध्ययनाची आणि अखेरचे एक वर्ष आंतरवासितेचे. आधी शरीररचना व शरीरक्रिया, मग रोगविज्ञान व औषधिविज्ञान आणि त्यानंतर शल्यचिकित्सा व प्रजननशास्त्र असा हा क्रम आहे. वैद्यकाचा प्रवेश हुकला म्हणून इकडे वळलेल्या विद्यार्थ्यास हा भार प्रथम जड वाटतो. त्यात नवल नाही. येथे रोगी एका जातीचा नसतो आणि आपले दुखणे तो सांगत नाही.

गुणपत्रिकेतून न कळणारी गोष्ट म्हणजे हात. गाय अडली की वासराचे डोके मागे वळले आहे, की पाय दुमडला आहे, हे गर्भाशयात हात घालून, न पाहता ओळखावे लागते. डोके वळले असेल तर वासरू ओढून चालत नाही. ते आधी आत ढकलून, जागा करून, डोके सरळ करावे लागते. चुकीच्या ओढीने गर्भाशय फाटते आणि अल्पभूधारकाचे सारे भांडवल एका रात्रीत जाते. गर्भतपासणीचेही तसेच आहे. पुस्तकातील आकृती बोटांना ओळखीची होण्यास पुष्कळ जनावरे हाताखालून जावी लागतात. म्हणून आंतरवासितेचे वर्ष हा केवळ उपचार समजणे धोक्याचे आहे. ते पुरे झाल्यावाचून पदवी नाही, आणि पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी झाल्यावाचून व्यवसाय नाही.

मात्र ही जनावरे आणावयाची कोठून? महाविद्यालयाच्या चिकित्सालयात, विशेषतः शहरात, कुत्री-मांजरे अधिक येतात; गाई-म्हशी गावात असतात. विद्यार्थ्याच्या हाती आपली गाभण म्हैस देण्यास पशुपालक कचरतो, आणि ते रास्तच आहे. अध्यापक वा अनुभवी पशुधन विकास अधिकारी शेजारी उभा असेल, तरच त्याचा विश्वास बसतो. ती व्यवस्था महाविद्यालयाने व खात्याने करावयाची आहे. ग्रामपंचायतीने शिबिराची दवंडी आठवडाभर आधी द्यावी. सकाळी, जनावरे चरावयास जाण्यापूर्वीची वेळ ठेवावी. खोडा भक्कम असावा, पाणी व साबण जवळ असावा आणि गाभडलेल्या जनावरास हातमोज्यांवाचून कोणी हात लावू नये. सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसालाही जडतो. तपासलेल्या प्रत्येक जनावराची नोंद मालकाच्या नावासह ठेवावी. गाभण ठरविलेली म्हैस पुढे खरोखर व्याली की नाही, हे त्या विद्यार्थ्यास कळविण्याचे काम गावातील शिक्षकास सहज करता येईल.