ऐरण, दप्तर आणि रक्त



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याजवळ मी याच शाळेत इतिहास शिकलो. एकदा त्यांनी वर्गात प्रत्येकाला आपल्या वडिलांपासून मागे जाऊन ठाऊक असतील तेवढ्या पूर्वजांची नावे लिहायला सांगितली. कोणी सात नावे लिहिली, कोणी सनदेचा दाखला दिला. माझी पाटी तिसऱ्या नावाशी थांबली. ‘आम्ही लोहार, सर, आमचा कसला इतिहास?’ असे मी म्हणालो. सर म्हणाले, ‘ज्याच्या हाताशिवाय गावचा नांगर शेतात उतरत नव्हता, त्याला इतिहास नाही असे कसे म्हणतोस?’ त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला सेवानिवृत्तीची वाट पाहावी लागली. ते उत्तर मी आज सरांच्या स्मृतीपुढे ठेवणार आहे.

आमचे मूळ गाव खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या उतारावर आहे. घरात परंपरेने सांगितले जाई ते असे : मूळ पुरुष गावचा वतनी लोहार, त्याला तीन मुलगे. थोरल्याने भाता आणि ऐरण सांभाळली, मधल्याने शेती धरली, धाकटा घाट उतरून गोव्यात गेला. आम्ही थोरल्या पातीचे. म्हणून जुनी ऐरण आमच्याकडे, आणि खंडेनवमीला तिच्यापुढे पहिला नारळ फोडण्याचा मानही आमचाच. आजोबा बेळगावात येऊन राहिले तरी हा मान सुटला नाही. दरवर्षी आमच्यापैकी कोणी ना कोणी त्या दिवशी गावी जातेच.

या परंपरेला पहिला आधार होता तो हेळव्यांचा. आपल्या भागात सुगी आटोपली की बैलावर बसून येणारे हेळवी वृद्धांनी पाहिले असतील. घरोघर जाऊन ते त्या त्या कुळाची वंशावळ म्हणून दाखवीत, नव्याने जन्मलेल्यांची भर घालीत आणि पायली-दोन पायली धान्य घेऊन पुढे जात. आमच्या हेळव्याने सांगितलेली नावे वडिलांनी एका वहीत उतरून ठेवली होती. त्यांत मूळ पुरुष होता, तीन मुलगे होते, त्यांचे मुलगे होते. स्त्री एकही नव्हती. त्या वेळी मला त्यात काही खटकले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

दुसरा आधार कागदांचा. येथे सीमाभागातील माणसापुढे एक निराळीच अडचण उभी राहते. आमचे गाव जागचे हलले नाही. दप्तरे मात्र सारखी हलत राहिली. १८१८ च्या एप्रिलमध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. त्यानंतर हा मुलुख धारवाडच्या कलेक्टराकडे होता. १८३६ मध्ये बेळगावचा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य आणि १९७३ पासून कर्नाटक. जुने कागद मोडीत, नंतरचे कानडीत, साहेबाचे इंग्रजीत. एकाच घराण्यातला माणूस एका कागदात ‘लोहार’, दुसऱ्यात ‘कम्मार’, आणि घाटाखाली गोव्यात ‘च्यारी’ म्हणून भेटतो. शोधणाऱ्याने एकच शब्द धरून ठेवला, तर अर्धे कुटुंब त्याच्या हातून निसटते.

जनगणनेवर माझी फार आशा होती. ब्रिटिश अमदानीत १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली आणि १९३१ पर्यंत जातवार आकडेही छापले गेले. पण घरोघरची मूळ पत्रके जतन झाली नाहीत. त्यामुळे तालुक्यात लोहार किती हे कळते, आपला लोहार कोणता हे कळत नाही. उलट, ज्याला आपण क्षुल्लक समजतो ते शाळेचे जनरल रजिस्टर मला अधिक उपयोगी पडले. माझ्या वडिलांचे जन्मगाव, जन्मतारीख आणि जात यांची सर्वांत जुनी लेखी नोंद मला याच शाळेच्या दप्तरात मिळाली.

त्याहून मागे नेणारा कागद गावच्या कुलकर्ण्यांच्या घरी मिळाला. माळ्यावर लाल कापडात बांधलेले रुमाल होते. काहींना वाळवी लागली होती. त्यासाठी मी वयाच्या साठाव्या वर्षी मोडी शिकलो. एका कागदावर बलुत्यांची यादी होती आणि वर साल होते ‘सबा अशर मयातैन व अलफ’. हे अरबी आकडे सुट्या अंकांपासून मागे वाचायचे : सात, दहा, दोनशे, हजार. म्हणजे शुहूर सन १२१७. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, १८१६. आणि हे वर्ष मृगाला सुरू होत असल्याने ते १८१६-१७ ठरते. इंग्रजी अंमलाच्या जेमतेम एक-दोन वर्षे आधीचा कागद. त्यात सुताराच्या खालोखाल लोहाराचे नाव, आणि ते हेळव्याने सांगितलेल्या मूळ पुरुषाचेच होते. नावापुढे वर्षाला मिळायचे धान्य लिहिलेले. फाळ, कुळवाची फास, विळे, खुरपी आणि गाडीची धाव यांच्या मोबदल्यात गावाने त्याला काय द्यायचे, एवढाच त्या कागदाचा विषय. राजांचे इतिहास पराक्रमाने लिहिले जातात. कारागिराचे नाव कागदावर येते ते देण्याघेण्याच्या निमित्ताने. पण त्या एका ओळीने मला दोनशे वर्षे मागे नेले.

येथे थांबलो असतो तर आज माझ्याजवळ सांगण्यासारखे थोडेच राहिले असते. माझ्या मुलाने सुचवले की आता विज्ञानाची साक्षही घ्यावी. विद्यार्थी मित्रहो, त्या साक्षीचे स्वरूप थोडक्यात सांगतो. पुरुषाच्या पेशीत ‘वाय’ नावाचे एक गुणसूत्र असते. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. पिढ्यापिढ्यांतून त्यात क्वचित एखादा बारीक बदल होतो. त्यामुळे एका पुरुषाच्या दोन मुलांचे वंशज दोनशे वर्षांनी शेजारी उभे केले, तरी त्यांचे वाय गुणसूत्र जुळले पाहिजे. आईकडून मुलांना मिळणाऱ्या सूत्रकणिकांतील डीएनए मुलीकडून तिच्या मुलीकडे असा पुढे जातो. बाकीची गुणसूत्रे दर पिढीला मिसळतात आणि सहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरीने चौसष्टाव्या भागावर येतो.

आम्ही तिघांनी नमुने दिले : थोरल्या पातीचा मी, मधल्या पातीचे गावी असलेले वृद्ध काका आणि गोव्यातील धाकट्या पातीचे एक गृहस्थ. निकाल आला. काका आणि गोव्याचे गृहस्थ एकमेकांशी उत्तम जुळले. हेळव्याची तोंडी परंपरा, घाटाच्या दोन बाजूंना वेगवेगळी आडनावे लावणारी दोन घरे, आणि मध्ये दोनशे वर्षांचे अंतर. तरीही सूत्र अखंड. न जुळलेला एकटा मी होतो. माझे वाय गुणसूत्र मानववंशाच्या अगदी निराळ्या फांदीवरचे निघाले. त्या दोन फांद्या कित्येक हजार वर्षांपूर्वीच विलग झालेल्या आहेत. म्हणजे चूकभुलीला जागाच नव्हती. ज्याच्या घरी ऐरण, तोच त्या पुरुषपरंपरेबाहेरचा!

त्या रात्री मला झोप आली नाही. वयाची सत्तरी जवळ आलेल्या माणसाने एका कागदाच्या तुकड्याने एवढे अस्वस्थ व्हावे, याची नंतर लाजही वाटली. पण ती अस्वस्थता खरी होती. मन लगेच वाईट शंका घेते, आणि ती शंका नेहमी घरातल्या एखाद्या मृत स्त्रीवर घेते, हेही मी स्वतःत पाहिले.

मग थोडे वाचन केले. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे अवशेष २०१२ मध्ये लेस्टर शहरात वाहनतळाखाली सापडले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या बहिणीच्या स्त्रीवंशातील दोन व्यक्तींशी मातृसूत्र जुळले. पण कागदोपत्री पुरुषवंशातील नातलग म्हणून तपासलेल्या पाचांपैकी एकाशीही त्याचे वाय गुणसूत्र जुळले नाही. राजघराण्यांच्या काळजीपूर्वक जपलेल्या वंशावळीतही दुवा तुटलेला असतो, तर लोहाराच्या घराचे काय मोठेसे!

तुटलेला दुवा कोठे आहे, हे शोधण्याची रीत सोपी आहे. माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाच्या वंशातील एका गृहस्थांनी नमुना दिला. तो माझ्याशी जुळला. म्हणजे आमच्या दोघांचा सामाईक पूर्वज, माझे खापरपणजोबा, यांच्यापर्यंत सूत्र सलग आहे. जे घडले ते त्यांच्या जन्माशी किंवा त्याआधी. काळ १८३० च्या सुमाराचा. त्या काळातले कागद मी पुन्हा सोडले. कुलकर्ण्यांच्या रुमालातच, इनाम चौकशीच्या वेळची एक नक्कल मी पूर्वी ‘जमिनीचा कागद’ म्हणून बाजूला ठेवली होती. १८५२ च्या कायद्याने इनामांची कसून तपासणी सुरू झाली, तेव्हा लोहारकीच्या इनामाच्या चतकोर तुकड्याबद्दलही जाबजबाब झाले होते. त्यात खापरपणजोबांचा जबाब होता. सारांश असा, की वतनदार लोहार निपुत्रिक वारला. त्याच्या बहिणीचा मुलगा लहानपणापासून भात्यावर होता. गावाने आणि भाऊबंदांनी संमती देऊन त्याला ऐरणीवर बसवले. तो गावची सेवा करीत आहे. तो मुलगा म्हणजे माझे खापरपणजोबा.

सारे उलगडले. आमच्या पातीच्या लग्नात घरच्या देवकाबरोबर आणखी एका झाडाची डहाळी का पूजतात, हे आजीला विचारले की ती ‘चालत आले आहे’ एवढेच सांगे. ती बहुधा त्या मुलाच्या बापाच्या कुळाची आठवण असावी. मूळ पुरुषाला तीन मुलगे होते ही परंपरा खरी होती. फक्त अपुरी होती. त्याला एक मुलगीही होती. मी त्या लोहाराचा वंशज आहे, पण त्याच्या मुलीकडून. जिच्यामुळे मी त्या घराचा आहे, तिचे नाव हेळव्याच्या तोंडी नाही, बलुत्याच्या यादीत नाही, आणि तिच्या स्वतःच्या मुलाच्या जबाबातही नाही. भात्याशी बसणारी, वेळप्रसंगी घण उचलणारी लोहाराची स्त्री आपण सर्वांनी पाहिली आहे. दप्तराने मात्र तिला पाहिले नाही.

विज्ञान तिचे नाव देईल काय? नाही. तिचे मातृसूत्र तिच्या मुलापाशी संपले. उरलेल्या गुणसूत्रांवरून काकांशी माझे नाते सिद्ध करावे, तर इतक्या दूरच्या भाऊबंदांत बहुतेक वेळा ओळखण्याजोगा एकही सामाईक तुकडा राहिलेला नसतो. शिवाय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या जातीतच लग्ने, त्यांत मामाच्या मुलीशी लग्नाची चाल. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासानुसार, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील लोकसमूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले. त्यानंतर जातीअंतर्गत विवाहाची बंधने घट्ट झाली. अशा समाजात थोडे साम्य कोणाशीही सापडते. त्यावरून नेमके नाते सांगता येत नाही. म्हणून माझा निष्कर्ष असा : रक्ताच्या चाचणीने मला प्रश्न दिला, आणि उत्तर दप्तराने दिले. चाचणी नसती तर तो जबाब मी पुन्हा उघडला नसता. जबाब नसता तर चाचणीने मला केवळ बेघर केले असते.

एक सावधगिरीही सांगतो. नमुना एकाचा असतो, पण त्यातून उघड होते ते साऱ्या भावकीचे. कोणाचे दत्तकविधान, कोणाचे झाकलेले दुःख त्यातून बाहेर येईल, हे आधी सांगता येत नाही. सर्वांची संमती घेतल्यावाचून, आणि नको तो निकाल ऐकण्याची तयारी असल्यावाचून या वाटेला जाऊ नये. ही माहिती व्यापारी कंपन्यांच्या हाती राहते, हेही विसरू नये. या क्षेत्रातील परदेशातली एक मोठी कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि लाखो लोकांच्या माहितीचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला.

आता राहिले काका. त्यांना सांगावे की न सांगावे, या विचारात मी एक वर्ष काढले. इनामाची जमीन हा प्रश्न नव्हता; गावकीच्या सेवेची इनामे संपवणारा कायदा १९५३ मध्येच झाला. प्रश्न मानाचा होता, आणि तो न्यायाने पाहिला तर आता त्यांचा होता. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी जबाब वाचून दाखवला आणि म्हणालो, ‘काका, उद्याचा नारळ तुम्ही फोडायचा.’ ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, ‘भाऊबंदांनी संमती दिली असं लिहिलंय ना त्यात?’ मी म्हणालो, ‘होय.’ ‘मग ते भाऊबंद म्हणजे आमचेच वाडवडील. त्यांनी दिलेला शब्द मी कसा मोडू?’ सकाळी नारळ त्यांनी माझ्याच हाती दिला. मात्र एक बदल केला. ऐरणीला हळदकुंकू लावताना त्यांनी आपल्या सुनेला पुढे बोलावले आणि एक बोट ‘त्या लेकीच्या नावाचं’ म्हणून लावायला सांगितले. नाव नव्हतेच, बोट तेवढे लागले.

विद्यार्थी मित्रहो, सरांनी दिलेला गृहपाठ मी असा पन्नास वर्षे उशिरा पुरा केला. आता तोच तुम्हाला देतो, थोडी दुरुस्ती करून. घरी जा, आणि आजीजवळ बसून तिचे, तिच्या आईचे आणि आईच्या आईचे माहेरचे नाव लिहून घ्या. त्याला मोडी लागत नाही की प्रयोगशाळा लागत नाही. आजी हयात असावी लागते.