डोंगर त्रिकोणी नसतात



सकाळपासून प्रत्येक जण एकच विचारतोय, "अरे, हेलिकॉप्टर उडवणारा तू, कामोठ्यात ड्रॉइंग मास्तर कसा झालास?" मला सात मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात सांगतो.

हवाई दलातली माझी सर्वांत अवघड वर्षं सियाचीनची. १३ एप्रिल १९८४ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं. तेव्हापासून तिथल्या उंच चौक्यांना रॉकेल, शिधा, औषधं पोचवायची आणि आजारी जवानांना खाली आणायचं, हे काम हेलिकॉप्टरवर अवलंबून आहे. आमचं चीता लहानसं. वर हवा इतकी विरळ की एका फेरीत थोडंच सामान नेता येई. चौकीवर इंजिन बंद करायचं नाही; सामान उतरवायचं आणि निघायचं.

थंडीपेक्षा मला तिथे पांढऱ्या रंगाची भीती वाटायची. आभाळ भरून आलं की बर्फावर सावली पडत नाही, आणि सावली नसली की उंची कळत नाही. जमीन पाच फुटांवर आहे की पन्नास, डोळा सांगू शकत नाही. मग एखादं काळं पोतं, काठीला बांधलेलं फडकं, असं काहीतरी गडद शोधायचं आणि त्याच्यावर नजर ठेवून उतरायचं. मनाने धरलेल्या जमिनीवर कुणी उतरू शकत नाही. त्या बर्फातून माझा एक जवळचा मित्र परत आला नाही. त्याच्याविषयी मी फार बोलत नाही, आजही बोलणार नाही.

संध्याकाळी मेसमध्ये मी पेन्सिलीने बर्फ काढू लागलो. तेव्हा आपले ड्रॉइंगचे सर आठवले. शंकूची सावली नीट पडेपर्यंत ते वही परत करत नसत. सर, आज समोर बसला आहात म्हणून सांगतो, तो धडा मला अठरा हजार फुटांवर समजला.

२००८ साली निवृत्त झालो. वीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून ए.टी.डी. केलं आणि कामोठ्यातल्या एका शाळेत शिकवू लागलो. पहिल्या दिवशी म्हणालो, "निसर्गचित्र काढा." चाळीस वह्यांत तेच चित्र! दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, निळी नदी, एक झोपडी. आपणही तेच काढायचो.

मी सगळ्यांना गच्चीवर नेलं. पावसानंतरची स्वच्छ हवा होती. प्रबळगडाचा माथा सपाट, त्याच्या आणि कलावंतिणीच्या मध्ये खाच, कर्नाळ्याचा सुळका उभ्या अंगठ्यासारखा. एकही डोंगर त्रिकोणी नव्हता. खाडीही निळी नव्हती. करडा चिखल आणि कांदळवन. एक मुलगा म्हणाला, "सर, हे तर रोज दिसतं." म्हटलं, "दिसतं रे, आज बघ."

विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी दहा गावं उठली. त्यांपैकी एका गावची मुलगी माझ्या वर्गात होती. एलिमेंटरीच्या सरावात स्मरणचित्र दिलं, तर तिने ती टेकडी काढली. घरी नेल्यावर आजीने दोनदा पुसायला लावली, कारण विहीर चुकीच्या बाजूला आली होती. माझ्या वहीत गच्चीवरून केलेलं टेकडीचं जुनं रेखाटन होतं. दोन्ही शेजारी ठेवली. डाव्या खांद्याचा उतार तंतोतंत जुळला.

२५ डिसेंबर २०२५पासून तिथून विमानं उडतात. मी जन्माचा वैमानिक. आवाज आला की अजून मान वर जातेच. विमानतळ नको होता असं मी म्हणत नाही. पण त्या धावपट्टीखाली काय होतं ते एका तेरा वर्षांच्या मुलीच्या कागदावर आहे, आणि ते खरं आहे.

म्हणून आपल्यातल्या शाळाचालकांना आणि आजी-आजोबांना एकच विनंती. परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी ड्रॉइंगचा तास गणिताला दिला जातो. तो देऊ नका. सगळी मुलं चित्रकार होणार नाहीत, पण समोर आहे ते बघायला शिकण्याचा आठवड्यातला तो एकच तास असतो.

सर, शंकूबद्दल पुन्हा एकदा नमस्कार.