बटण बंद, वीज चालू
(रोषणाईच्या कामाला लागण्यापूर्वी मंडळाच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



मखराची रोषणाई आपण दरवर्षी घरच्या घरी करतो, याचं कौतुक आहेच. कार्यवाहांनी मला सुरक्षिततेवर दोन शब्द बोलायला सांगितलं. मी आधी एक प्रसंग सांगतो.

कॉलेजात असताना मला वडिलांच्या मोटारीचे दिवे दुरुस्त करायचा नाद होता. उघड्या तारा हातात धरायचो, शॉक कधी बसला नाही. बॅटरी १२ व्होल्टची. कोरड्या कातडीतून इतक्या दाबाने जाणवण्याइतका प्रवाह जात नाही. मला मात्र वाटू लागलं, वीज आपल्याला कळते.

त्याच दिवाळीत वाड्याच्या ओसरीवरचा होल्डर बदलायचा होता. धाकटा भाऊ स्टुलावर चढला. ‘बटण बंद आहे ना, दादा?’ ‘बंद आहे, घाल हात,’ मी म्हणालो. बटण खरंच बंद होतं. पण जुन्या वायरिंगमध्ये ते फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं होतं. दिवा विझायचा, होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच राहायचे. भाऊ फेकला गेला. मनगट मोडलं, जीव वाचला. त्याने मला कधी बोल लावला नाही; पण माझे ते दोन शब्द मी विसरलेलो नाही.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा.

मोटारीत भीती शॉकपेक्षा भाजण्याची. पान्हा किंवा अंगठी बॅटरीचा प्लस आणि गाडीचा पत्रा यांना एकदम टेकली, तर क्षणात लाल होते. अंगठी, कडं काढा. वायर सोडताना आधी मायनस सोडा, जोडताना तो शेवटी जोडा. झेनॉन दिव्यांना मात्र हात लावू नका; ते पेटताना हजारो व्होल्ट तयार होतात.

घरात मेन स्विच बंद करा, आणि इन्व्हर्टरही. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर काही दिव्यांना वीज देतच असतो. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून पाहा, मग कामाच्या जागी.

दिव्यांच्या माळेचे बल्ब चिमुकले असतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण एकामागून एक जोडलेल्या माळेतला बल्ब काढला, की त्या रिकाम्या जागी पूर्ण २३० व्होल्ट येतात. माळ प्लगमधून काढल्याशिवाय बल्ब बदलू नका.

‘एमसीबी आहे की!’ असं म्हणू नका. ती तारा वाचवते, माणूस नाही. ती ६ किंवा १६ अँपियरची. माणसाचं हृदय थांबायला एक दशांश अँपियर पुरतो. मंडपाच्या बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवाच. फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरले, तर मात्र तोही वाचवू शकत नाही.

कुणाला शॉक लागला तर त्याला हात लावून ओढू नका. आधी मेन बंद करा. ते जमलं नाही, तर कोरड्या लाकडाने दूर लोटा. ११२ ला फोन करा. श्वास थांबला असेल, तर मदत येईपर्यंत छाती दाबत राहा.

माझा भाऊ आज समोरच बसला आहे. यंदा मखराचा बोर्ड तोच तपासणार आहे. ‘बटण बंद आहे’ असं कुणीही सांगो, अगदी मी सांगितलं तरी, स्वतः तपासल्याशिवाय हात घालू नका.

गणपती बाप्पा मोरया!