रुसलेला माणूस आधी शोधा
(जीर्णोद्धाराच्या कामास हात घालण्यापूर्वी देवळाच्या आवारात भरलेल्या बैठकीत एका निवृत्त ओव्हरसियरांनी केलेले भाषण)



आपण मला चार शब्द बोलायला उभे केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी विद्वान नाही. माझे आयुष्य कालव्यांच्या कामावर गेले. विटा, चुना, सिमेंट यांचे मला थोडेफार कळते. पण बांधकाम विटांमुळे क्वचित अडते. ते अडते माणसांमुळे. म्हणून आज माणसांविषयीच बोलतो.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. एका गावी आम्ही कालवा खोदत होतो. कालव्याने एका शेतकऱ्याच्या बांध्यांकडे जाणारी बंडीची वाट तुटत होती. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, एक मोरी टाकून द्या." मी म्हणालो, "टाकू." कागदावर मात्र काही लिहिले नाही. मोरी नकाशात नव्हती, तेव्हा ती झालीही नाही. तो माणूस पुन्हा आला नाही, भांडला नाही, अर्जही केला नाही. मला वाटले, समजूत पटली. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री त्याच जागी कालव्याची पाळ फुटली आणि खालच्या लोकांचे रोवलेले धान वाहून गेले. पाळ कोणी फोडली याची चौकशी झाली, निष्पन्न काहीच झाले नाही. मी मात्र तेव्हापासून समजून आहे की ती माझ्या तोंडी शब्दाने फुटली. ज्यांचे धान गेले त्यांचा तर काहीच दोष नव्हता.

यातून मी एक शिकलो. जो ओरडतो तो नाराज असतो खरा, पण तो आपल्याशी बोलत तरी असतो. जो बोलायचा थांबला, त्याच्याकडे आधी जावे.

मोठ्या कामांतही हेच दिसते. आपल्या वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन 1988 साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 सालीच झालेला होता. तरीही भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील बुडीत गावांच्या लोकांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले, धरणे धरावी लागली. त्यांच्यासाठी सुमारे 1200 कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले ते 2013 साली, म्हणजे भूमिपूजनानंतर पंचवीस वर्षांनी. 372 कोटींचा मूळ अंदाज मधल्या काळात हजारो कोटींवर गेला. त्याला कारणे अनेक आहेत, सारा दोष नाराजीवर टाकणे बरोबर नाही. पण पहिल्या दिवशी ऐकायचे ते पंचविसाव्या वर्षी ऐकले, तर ते महागच पडते.

देवळाचे म्हणाल तर एक गोष्ट विसरू नका. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले, तेव्हा कुठे अस्पृश्य म्हणून दाराबाहेर ठेवलेल्या बांधवांना विठ्ठलाचे मंदिर खुले झाले. शिखर उंच होते, गाभारा पुरातन होता, पण दाराबाहेरच्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

आता आपल्या कामाकडे येतो. आपले प्रतापगड म्हणजे महाशिवरात्रीच्या यात्रेचे गाव, तसेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या दर्ग्याचेही गाव. दोन्हीकडचे भाविक इथे सुखाने येतात. ही पुण्याई वाडवडिलांची आहे, ती आपल्या बांधकामाने उणी होऊ नये.

समितीने एक वही करावी आणि या कामाने कोणाकोणाला फरक पडणार ते घरोघर फिरून तीत लिहावे. पुजाऱ्याची खोली पडणार, तो कुठे राहील? नारळ-फुलांची दुकाने हलणार, त्यांना यात्रेच्या दिवसांत जागा कोणती? हातपंपावर येणाऱ्या बायकांची वाट कोणती? मजुरांचा हप्ता कोणत्या वारी? ज्याने पाच रुपये दिले त्याला पावती मिळाली का? आणि बैठकीला यायचे कोणी बंद केले? त्याच्या घरी निरोप धाडू नका, दोघांनी स्वतः जा. बायकांचे म्हणणे बायकांनीच विचारावे. भर सभेत त्या बोलणार नाहीत.

प्रत्येकाचे सारेच मानता येईल असे नाही. जे होणार नाही ते तोंडावर, कारणासह सांगा. नकार माणूस पचवतो, पण लटकत ठेवलेला होकार पचवत नाही. जे कबूल कराल ते वहीत लिहा आणि नकाशातही दाखवा. जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लावा. हिशेब उघडा असला की निम्मी कुजबुज आपोआप थांबते.

शेवटची गोष्ट जरा कडू आहे. आज नकाशा पाहिला. मागची आवारभिंत सलग दाखवली आहे. त्या भिंतीने मागच्या टोलीची वाट बंद होते. पावसाळ्यात त्यांना फेरा घालून चिखलातून यावे लागेल, तिरडीसुद्धा त्याच वाटेने न्यावी लागेल. मी सभेत नजर फिरवली. त्या टोलीचे एकही माणूस इथे दिसत नाही. ते राजी आहेत म्हणून आले नाहीत असे कृपा करून समजू नका. मीही एकदा तसेच समजलो होतो.

देणगीदारांना माझी विनंती आहे की भिंतीत दहा फुटांचे फाटक ठेवण्यास हरकत घेऊ नये. खर्च थोडा वाढेल. त्यात माझे एक महिन्याचे पेन्शन मी आजच जमा करतो, पावती द्यावी. आणि समितीने आज रात्रीच त्या टोलीत जावे. मीही बरोबर येतो.

कळस चढेल त्या दिवशी सारे गाव मान वर करून पाहील. त्यात खाली मान घालून एकही माणूस उभा नसावा, एवढेच देवाजवळ मागणे आहे.

काही अधिकउणे बोललो असेन तर क्षमा करावी. हर हर महादेव!