टीव्हीवरचे नाटक आणि माझी एक चूक
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाचा मला सराव नाही. पण "परदेशात पाहिलेले काहीतरी सांगा," असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, आणि माझ्याही मनात एक गोष्ट वर्षभर खुपते आहे, म्हणून उभी राहिले. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

२०१६ च्या जानेवारीत मी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत न्यू जर्सीला होते. आमची आई नाही, तेव्हा डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सारे माझ्याकडे. नुकतेच मोठे हिमवादळ होऊन गेले होते. दारापुढे बर्फाचे ढीग, बाहेर पडायची सोय नाही. ३१ तारखेला रविवार होता. संध्याकाळी मेहुणे म्हणाले, "ताई, आज टीव्हीवर नाटक आहे. चित्रीकरण करून ठेवलेले नाही हं, तिकडे चालू असतानाच आपल्याला दिसणार."

नाटकाचे नाव 'ग्रीज'. आपल्याकडे संगीत नाटक असते तसेच, गाणी आणि नाच असलेले. १९७१ साली ते शिकागोत प्रथम रंगभूमीवर आले, १९७८ साली त्याचा चित्रपटही निघाला. शाळेतल्या मुलामुलींची गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या एका स्टुडिओच्या मोठ्या आवारात प्रयोग चालला होता. तिकडे पाऊस पडत होता, म्हणून सुरुवातीलाच मंडळी छत्र्या घेऊन गात निघाली! एक प्रवेश संपला की नटमंडळी दुसऱ्या जागी धावत, लुगडे बदलायलाही उसंत नाही म्हणतो ना, तसे. चुकले तर पुन्हा करायची सोय नाही. मला इंग्रजी समजत नव्हते, पण मांडीवर भाची घेऊन मी तीन तास जागची हलले नाही.

त्यात रिझो नावाची एक तिखट जिभेची मुलगी आहे. तिच्याविषयी शाळाभर भलतीसलती कुजबूज होते, तेव्हा ती एक गाणे म्हणते. ते काम करणारी नटी व्हॅनेसा हजेन्स. मेहुण्यांनी हळूच सांगितले, "हिचे वडील काल रात्री कर्करोगाने गेले." माझ्या अंगावर काटा आला. ती मुलगी शांतपणे गात होती. बापाच्या स्मरणार्थ काम करीन, असे तिने त्या दिवशी आधीच जाहीर केले होते.

मला आमच्या आजीने सांगितलेली गोष्ट आठवली. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले. परत आल्यावर मी या दोन्ही गोष्टी तुम्हां सर्वांना किती कौतुकाने सांगितल्या, ते तुम्हांला आठवत असेल.

आता माझी चूक सांगते. गेल्या वर्षी आपल्या वर्धापनदिनी आपल्यातल्या एका भगिनीचे गाणे होते. त्यांचे वडील जाऊन आठच दिवस झाले होते. त्या आल्या, पेटीवर बसल्या आणि गायल्या. आणि मागे चहाच्या टेबलापाशी कुजबूज झाली. "बापाला जाऊन आठवडा झाला नाही तोच हिला गाणे सुचते!" हे वाक्य माझे होते. चौघींनी माना डोलावल्या. पुढे ते त्यांच्या कानावर गेले. त्यांनी मंडळात येणे कमी केले, आणि का, ते कोणी विचारले नाही.

परक्या देशातल्या मुलीसाठी माझे डोळे भरून आले होते, आणि शेजारच्या गल्लीतल्या बाईला मी नावे ठेवली! नटनट्यांचे दुःख आपल्याला मोठे वाटते, आणि जिच्या घरी वाटीभर साखर मागायला जातो तिचे दिसत नाही, असे माझे झाले.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले आणि क्षमा मागितली. हे सभेत सांगू का, तेही विचारले. त्या म्हणाल्या, "सांगा हो. पेटी मला बाबांनीच शिकवली. त्या दिवशी घरी बसले असते तर नुसती भिंतीकडे बघत राहिले असते." मग त्यांनी चहा केला. दोघीही थोड्या रडलो.

दुःखात कोणी घरी बसते, कोणी कामाला लागते. दोघींचेही खरे असते. एवढे तरी आपण मंडळात पाळू या.

यंदाच्या वर्धापनदिनी त्या पुन्हा गाणार आहेत. माझ्याकडे चहाचे काम आहे. पण त्यांचे गाणे सुरू झाले की मी किटली खाली ठेवून पुढच्या सतरंजीवर येऊन बसणार आहे. तुम्हीही या.