दोन घरांचे शब्द
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



निवृत्तीनंतर काय करतोस, असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. मी शब्दकोडी तयार करतो.

शब्दकोडं मूळचं अमेरिकेतलं. आर्थर विन यांचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आलं. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता. इंग्रजीत एका घरात एक अक्षर. आपल्याकडे कानामात्रा, जोडाक्षरासकट सगळं एकाच घरात. म्हणून त्यांच्या 'ट्रायअँगल'ला आठ घरं लागतात, आपला त्रिकोण तीन घरांत मावतो. आपला कर्नाळाही तीनच घरांत!

भूमितीचे शब्द तर कोड्यासाठीच जन्मले असावेत. 'कृष्णाचा मामा, वर्तुळाचा तुकडा': कंस. 'कुंतीचा थोरला, आयतात तिरपा': कर्ण. 'महाभारत सांगणारा, वर्तुळाचे दोन समान भाग करणारा': व्यास. सगळे दोन घरांचे.

माझा लाडका शब्द मात्र 'जीवा'. म्हणजे धनुष्याची दोरी. आपल्या गणितींची ही जीवा अरबांकडे 'जीबा' झाली. पुढे तो शब्द 'जैब' असा वाचला गेला, आणि जैबचं लॅटिन भाषांतर झालं 'सायनस'. दहावीत आपल्याला घाम फोडणारा 'साइन' तो हाच!

माझी नात सेमी इंग्रजीला आहे. तिला कर्णाचं कोडं घातलं. तिला महाभारतातला कर्ण माहीत होता, 'डायगॉनल'ही माहीत होता; पण दोघांची ओळख कुणी करून दिली नव्हती. तिचं गणित पक्कं आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण शब्द गेला की त्यातली गंमतही जाते. आपल्या बाई फळ्यावर कर्ण काढताना म्हणायच्या, "हा कवचकुंडलांशिवायचा." ती गंमत इंग्रजीत कशी सांगायची?

म्हणून एकच विनंती. नातवंडांना इंग्रजीतून शिकू द्या, पण रविवारी त्यांना एखादं मराठी कोडं घाला. ओळख करून देण्याचं काम आता आपलं.

सुरुवात आजच करू. 'केंद्रापासून परिघापर्यंत, चाकाच्या आऱ्यासारखी, दोन घरं.' उत्तर मी सांगणार नाही. पंगतीत बाईंच्या कानात सांगा. गुण त्याच देतील.