खाली जाणारी बाजू



आपल्या बॅचने शाळेच्या कार्यानुभवाच्या खोलीला डिस्क सँडर भेट द्यायचं ठरवलं आहे. लाकूड घासून गुळगुळीत करणारं हे मशीन. वर्गणी मीही दिली आहे. पण मशीन शाळेत येण्याआधी मला पाच मिनिटं बोलायचं होतं, म्हणून माईक मागून घेतला. कारण हे मशीन मला चावलेलं आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, माझे वडील सुतारकाम करायचे. जिंतूरच्या आमच्या घरी ओसरीवरच त्यांचं काम चाले. रंधा, पटाशी, कानस आणि शेवटी पॉलिश पेपर. खुर्चीचे दोन हात घासायला अर्धी दुपार जायची. मी इंजिनीअर झाले, पुण्यात कॉम्प्युटरवर पोट भरू लागले. लॉकडाऊनमध्ये लाकडाची ओढ परत आली आणि गॅलरीत सँडर आला. बाबांची अर्धी दुपार माझ्या पाच मिनिटांवर आली. मला मोठी गंमत वाटली.

पोळ्याला भाचीसाठी लाकडी बैलगाडी करत होते. चाक पेढ्याएवढं. काळजी म्हणून हातमोजे घातले आणि ते चाक हातात धरून तबकडीच्या उजव्या बाजूला टेकवलं. क्षणात चाक उडालं, मोजा पेपरात अडकला आणि बोट ओढलं गेलं. नख गेलं. तीन आठवडे नऊ बोटांनी कोड लिहिला.

बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "मशीन कुणीकडं फिरतंय ते आधी बघितलं का?"

बघितलं नव्हतं. शिकलेली मी, आणि साधी गोष्ट बघितली नव्हती.

बहुतेक सँडरची तबकडी समोरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. म्हणजे डावी बाजू खाली जाते आणि उजवी वर येते. खाली जाणारी बाजू लाकूड टेबलावर दाबून धरते. वर येणारी बाजू तेच लाकूड उचलून फेकते. म्हणून काम नेहमी खाली जाणाऱ्या बाजूलाच करायचं. 12 इंची तबकडी मिनिटाला 1440 फेरे घेत असेल, तर तिची कड ताशी 80 किलोमीटरहून जास्त वेगानं धावते. हात मागं घ्यायला तेवढा वेळ मिळत नाही.

हातमोजे घालायचे नाहीत. ओढणी, सैल बाही, मोकळी वेणी, हातातला दोरा यांतलं काहीही मशीनजवळ नको. टेबल आणि तबकडी यांच्यातली फट दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर लहान तुकडा आणि त्याच्यामागून बोट आत जातं. छोटा तुकडा हातात धरायचा नाही, चिमट्यात किंवा मोठ्या फळीला अडकवून धरायचा. जोर लावायचा नाही, लाकूड हलवत राहायचं. एकाच जागी दाबलं तर लाकूड जळतं. फाटलेला पेपर लगेच बदलायचा. बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा.

आता धुळीचं. रंध्याची धलपी पायाशी पडते, पण सँडरची पिठासारखी धूळ हवेत तरंगत राहते आणि नाकात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांत धरली आहे. बाबा रात्री खोकायचे, तेव्हा आई म्हणायची, "भुसा बसलाय छातीत." आम्ही हसण्यावारी न्यायचो. आज हसू येत नाही. त्यांचं काम हातानं होतं. आपण तर पोरांना धूळ उडवणारं मशीन देतोय.

म्हणून माझी विनंती आहे. नुसतं मशीन देऊ नका. सोबत धूळ ओढणारा पंखा आणि पिशवी द्या, डोळ्यांचे चष्मे द्या, एन-95 मास्क द्या. मशीन टेबलाला बोल्टनं घट्ट बसवून द्या. त्याच्यावर लोखंड घासू देऊ नका, ठिणगी भुशात पडली तर आग लागते. मशीनची किल्ली सरांकडे राहू द्या. वर्गणी थोडी वाढेल. वाढू द्या.

आणि पहिल्या तासाला मशीन सुरूच करायचं नाही. प्लग काढून प्रत्येक मुलामुलीनं तबकडी हातानं फिरवून बघायची आणि खाली जाणारी बाजू कोणती ते सांगायचं. ज्याला सांगता येईल त्यानंच पुढं यायचं.

मशीनवर लाल रंगाचा एक बाण लागेल. तो काढायला मी येईन. ब्रश बाबांचाच आणणार आहे.